नव्या बाईला

चपला बाहेर. पाय पुसून ये, दीपमाला,
तळवेसुद्धा.
खाली अजून एक टॉवर चाललाय, त्याच्या रेतीचा एक कण
इथं आला की दिवसभर कुणाच्या तरी टाचेखाली
लिहीत बसतो. ते अक्षर पुसून जात नाही.

ही फरशी नाही. बादली तिकडंच ठेव, मोरीत.
फिनेल नाही, सोडा नाही, व्हिनेगार नाही,
मोबाइलवर काहीही दाखवू देत.
फडकं पिळ. अजून पिळ.
मनगट दुखेल इतकं. मग झटक
आणि गालाला लावून बघ:
गार लागलं पाहिजे, ओलं नाही.

आमच्या मंठ्याला मी शेणानं सारवायचे,
भिंतीपासून दारापर्यंत बोटांच्या कमानी.
ती जमीन घटाघटा पाणी प्यायची.
ही झाड असताना प्यायली तेवढं बास.
तसं म्हणायचं खरं, पण श्रावणात
खाडीची हवा चोरून पिते, फुगते,
आतल्या खोलीचं दार घासायला लागतं.
मार्चात परत फटी पडतात.
सुतार बोलावू म्हणतील. थांबा म्हण.

रेषा बघ. लाकडाच्या अंगानं जा, आडवी जाऊ नकोस.
खुर्च्यांच्या पायांना बनातीचे तुकडे आहेत,
महिन्यातून एकदा उलट्या करून बघ, केस गुंततात.
इरानं दूध सांडलं तर आधी दूध पुस,
मग तिला रागव.

वर्षातून दोनदा जवसाचं तेल.
पातळ हात, पाहुण्याच्या डोक्याला लावतो तेवढाच.
आणि ते फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकायचं नाही.
ऐकतेस का? हे नीट ऐक.
तेलाचं फडकं आवळून ठेवलं की आतल्या आत तापतं,
काडी न लावता पेटतं.
मी धूर बघितलाय, गॅलरीत, भर दुपारी.
दोरीवर मोकळं पसर. कडक होऊ दे, मग फेक.

त्या दुपारी नीरजाताई घरातच होत्या, दार लावून.
दोन दिवस ताट तसंच परत येत होतं.
मी दार वाजवलं. म्हटलं, फडकं पेटलंय, बघायला या.
आल्या. बघत राहिल्या.
मग चहा मागितला.

खिडकीपाशी तो चौकोन दिसतो ना, कोवळा?
तिथं साहेबांचं टेबल होतं.
नऊ वर्षं तिथल्या लाकडाला ऊन माहीत नव्हतं.
तुर्भ्याचा पॉलिशवाला आला, म्हणाला, सगळंच घासून काढू,
साठ हजार. त्याला चहा पाजून वाटेला लावला.
पडदा उघडा ठेव, अकरा ते तीन.
गालिचा टाक म्हणून कोणी सांगितलं तरी टाकू नकोस.
अर्धा रंग चढलाय.

माझे गुडघे गेले. डॉक्टर म्हणतो, खाली बसणं बंद.
बाई, काठीचं पोछा आहे की, म्हणशील.
आहे. कोपरे मात्र हातानंच.

एक सांगू? ही मंडळी सिंगापूरला होती तेव्हा
एक दिवस काम आटोपून मी इथंच आडवी झाले,
पदर डोक्याखाली घेऊन. चार वाजेपर्यंत.
उठले तर पाठ दुखत नव्हती.
लाकडावर घामाचा ठसा, माझ्याएवढा.
तो पुसला. कोरड्या फडक्यानं, रेषेच्या अंगानं.

किल्ली वॉचमनकडं, घोसाळकरकडं. दुसऱ्याकडं देऊ नकोस.
पगार पाच तारखेला, विसरल्या तर आठवण कर,
त्या रागवत नाहीत.

आणि स्वयंपाकघरातून निघालीस की
चौथी पट्टी बोलते.
ताईंचा डोळा पहाटे कुठं लागतो,
तिच्यावर पाय नको, ओलांडून जा.
सवय होते.
करावे गावात माझ्या खोलीत साधी शहाबादी आहे,
तिथंसुद्धा रात्री पाणी प्यायला उठले की
चौथ्या पावलाला पाय उचलला जातो.